शेवटची वीस मिनिटं

मंजिरीच्या त्या पत्राला मी आठ महिने उत्तर दिलं नव्हतं.

पत्र आधी टेबलावर होतं. येता-जाता नजरेला पडू लागलं म्हणून शब्दकोशात ठेवलं. शब्दकोश मला रोज लागतो, म्हणून तिथून काढून पंचांगाखाली सरकवलं. नोकरीत असताना धरण वसाहतीच्या ग्रंथालयात तीस वर्षं मी लोकांच्या पत्रांना त्याच दिवशी उत्तरं दिली, जावक क्रमांक टाकून. स्वतःच्या मुलीला मात्र 'चि. मंजूस अनेक आशीर्वाद' याच्या पुढे एक ओळ लिहिता येईना. असे चार-पाच कागद फाडले. आशीर्वाद तेवढे वाया गेले.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. तेव्हा मी सत्तरीचा होतो, संगमनेरला दोन खोल्यांत एकटा राहत होतो. मंजिरी लग्न होऊन जबलपूरला. फोन होता घरात, पण फोनवर मी 'हं', 'बरं' आणि 'ठेवू का' यांच्या पलीकडे जात नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून सांगण्यासारखं काही असलं की ती पत्रच लिहायची.

'नाना, तुम्ही मला फसवलंत!' अशी पत्राची सुरुवात होती. रागाची नव्हे, हसत लिहिलेली. जुई झाल्यापासून आठ वर्षांत तिने एकही सिनेमा धड पाहिला नव्हता. आता पोर शाळेत दिवसभर जाऊ लागली, तशी तिने राहिलेले सिनेमे पाहायला घेतले होते. नवे पाहून झाले आणि तिला लहानपणी माझ्याबरोबर पाहिलेले आठवले. जावयाने कुठून कुठून ते शोधून लॅपटॉपवर घालून दिले. मग रोज दुपारी जेवण झालं की एक.

'नाना, तो नावाडी बुडतो हो! पारंबीबिरंबी काही नाही. सरळ बुडतो, आणि बायको काठावर बसून राहते. हॉस्टेलला असताना याच शेवटावरून मी एका मुलीशी पैज लावली होती आणि हरले म्हणून तिचे आठवडाभर कपडे धुतले होते. तरी मला वाटायचं, तिलाच चुकीचं आठवतंय. टांगेवाल्याचा घोडाही मरतो. जुळ्या बहिणी भेटतच नाहीत. एकाही सिनेमात तुम्ही सांगितलेलं झालेलं नाही. एकाही!'

अशी तीन पानं होती. शेवटी सही. आणि सहीच्या खाली, वेगळ्या शाईने, बहुधा दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या दोन ओळी:

'नाना, मग आई जाताना जे बोलली म्हणून तुम्ही सांगितलंत, ते तरी खरं ना? जुईच्या वेण्या मी अजून सैलच घालते.'

कुमुद गेली तेव्हा मंजू सात वर्षांची होती. मी तिला सांगितलं होतं की आईने शेवटी माझा हात धरला आणि म्हणाली, 'मंजूच्या वेण्या घट्ट घालू नका, तिचं डोकं दुखतं.' एवढंच. आता ती विचारत होती की हे खरं की खोटं. एका शब्दात उत्तर देता येण्यासारखा प्रश्न होता.

सिनेमांची भानगड आधी सांगितली पाहिजे.

आमची वसाहत धरणावर, घाटाच्या वर. टॉकीज खाली तालुक्याच्या गावात. रविवारी तीनचा खेळ पावणेसहाला सुटायचा आणि वर जाणारी शेवटची एसटी साडेपाचला निघायची. अंधार पडायच्या आत गाडी घाटाच्या वर न्यायची असा नियम होता. त्यामुळे पाच वाजून पंचवीस मिनिटांनी वसाहतीची सगळी माणसं एकदम उठायची. गावातल्या लोकांना इतकी सवय झाली होती की ते न सांगता पाय आखडून घ्यायचे, आणि डोअरकीपर आपणहून दार उघडून उभा राहायचा. वीस मिनिटांचा सिनेमा मागे ठेवून आम्ही रस्ता ओलांडून गाडीत बसायचो. वसाहतीत कोणीही कुठल्याच सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता.

कुमुद असताना मी सिनेमाला कधी गेलो नाही. मला पुस्तकं पुरायची. ती गेल्यावर आठवड्याचे सहा दिवस कसेबसे निभायचे. शाळा होती, शेजारच्या काशीबाई होत्या. रविवारी या मुलीचं काय करायचं ते मला कळेना. ग्रंथालयात बालसंगोपनावर पाच पुस्तकं होती. पाचही वाचली. रविवारी काय करावं हे एकातही नव्हतं. वेणी कशी घालावी हेही नव्हतं.

म्हणून तिला सिनेमाला नेलं. पहिला नावाड्याचा. नदीला पूर आलेला, नाव मध्यधारेत, काठावर बायको कंदील घेऊन उभी, आणि पाच पंचवीस झाले. गाडीत बसल्यावर मंजूने माझी बाही ओढली.

"नाना, तो परत येतो का?"

"येतो."

"कसा? एवढं पाणी आहे."

मागच्या बाकावरची ठकूबाई भाजीवाली रिकामी पाटी मांडीवर घेऊन पुढे वाकली. "हां, कसा येतो ते सांगा बाबू. माझा बी जीव टांगलाय."

चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पण मंजू माझ्याकडे बघत होती. कुमुद जाऊन तेव्हा महिना झाला नव्हता, आणि त्या महिन्यात या मुलीने मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं.

"त्याला पारंबी सापडते," मी म्हणालो. "वडाची."

"नदीत वड?" पगारे कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबले.

"काठावरचा. पुरात काठ बुडालाय ना."

पगाऱ्यांनी क्षणभर विचार केला. "हां. मग बसतं."

"धरू द्या त्याला पारंबी," ठकूबाई म्हणाली. "मारू नका हो बाबू त्याला. लेकराला झोप लागायची न्हाई."

मी मारला नाही. त्यानंतर पाच वर्षं मी कोणालाच मारलं नाही. घाट चढायला पाऊण तास लागायचा आणि तेवढ्यात मी शेवट पुरा करायचो. पुढेपुढे लोक माझ्या आजूबाजूची जागा धरू लागले. एकदा पुण्याहून आलेले एक इंजिनीअर क्लबात म्हणाले की तो नावाडी बुडतो. त्यावर पंपहाउसचे दोन फिटर त्यांना शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही दुसरा पिक्चर बघितला असंल."

मंजू त्या बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपायची. खरं सांगायचं तर बाप म्हणून मला जमलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती खोटी होती.

तर ते पत्र आलं, राहिलं, आणि मे महिन्यात मंजिरीचा फोन आला.

"नाना, जुईला तीन आठवडे तुमच्याकडे ठेवू का? आमचं घर रंगवायला काढलंय."

"बरं."

"तिला त्रास देऊ नका सांगितलंय. लॅपटॉप देतेय बरोबर. आपले सगळे सिनेमे आहेत त्यात."

"हं."

"पत्र मिळालं होतं ना?"

"मिळालं."

मी फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"बरं," ती म्हणाली. "ठेवते."

जावई जुईला सोडून त्याच दिवशी परत गेले. नऊ वर्षांची पोर, आजीसारखी रुंद कपाळाची. सकाळी घातलेल्या दोन वेण्या दहा वाजेपर्यंत सुटून कानांवर लोंबायच्या आणि ती त्या एका हाताने मागे सारत बोलत राहायची. जबलपूरला वाढल्याने तिच्या मराठीत मध्येच हिंदी यायचं.

"रबर लावू का घट्ट?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नको. आई सैलच घालते. आजीची ऑर्डर आहे म्हणे." तिने लॅपटॉप उघडून माझ्या टेबलावर, शब्दकोशाच्या बरोबर समोर ठेवला. "आता ऐका आजोबा, नियम असा आहे. आधी अर्धा सिनेमा बघायचा—"

"अर्धा?"

"म्हणजे बससाठी तुम्ही उठायचात तिथपर्यंत. आईने लिहून दिलंय. मग पॉज. मग तुम्ही तुमचा शेवट सांगायचा. मग आपण खरा शेवट बघायचा. मग मी मार्क देणार. दहापैकी."

"कोणाला?"

"दोघांना. तुम्हाला पण आणि सिनेमाला पण."

पहिल्या दिवशी नावाडी लावला. पुराच्या जागी तिने बोट दाबलं, चित्र थांबलं. मी पारंबी सांगितली. आता माझा एकच श्रोता होता आणि समोर पगारे नव्हते, तरी मी थोडा लाजलोच. जुईने हनुवटीवर बोट ठेवून ऐकलं.

"बरं. आता खरा." ती पुन्हा बोट दाबणार तेवढ्यात मी उठलो.

"चहा ठेवतो."

"आत्ता?"

"तू बघ. मी ऐकतोय आतून."

स्वयंपाकघरात गॅससमोर उभा राहून मी विचारलं, "काय झालं?"

"बुडतोय!" ती तिथून ओरडली. "आजोबा, बुडतोय तो! हात वर आहे फक्त!"

"मग?"

"गेला. आता ती कंदील विझवतेय. आता गाणं. संपलं." ती दारात येऊन उभी राहिली. "सिनेमाला सात. तुम्हाला पाच. पारंबीला आधी दाखवायला पाहिजे होतं."

मला ते पटलं. कुठल्याही चांगल्या पुस्तकात पारंबी आधी येते.

असे आमचे दिवस जाऊ लागले. सकाळी तिला मराठी वाचायला शिकवायचं म्हणून मी गोष्टीचं पुस्तक घ्यायचो आणि तीच मला सिनेमाचं काही शिकवायची. दुपारी एक सिनेमा. टांगेवाल्याच्या सिनेमात मी आंधळ्या घोड्याला घरची वाट पाठ असल्याने तो मालकाला घेऊन येतो असं केलं होतं. सिनेमाने घोड्याला दरीत घातलं. मी त्या वेळी दूध उतू जातं का ते पाहत होतो. जुईने मला आठ दिले आणि सिनेमाला तीन. "घोड्याने काय केलं होतं?" ती डोळे पुसत म्हणाली. एका सिनेमाच्या शेवटी दहा मिनिटं नुसती जीप आणि मारामारी निघाली. तेव्हा मी कुंड्यांना पाणी घालत होतो. मला नऊ मिळाले. आयुष्यात मला कोणी इतके मार्क दिल्याचं आठवत नाही. रोज दुपारी तीनच्या सुमारास मी घड्याळ बघू लागलो.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी शिवणवाल्या बाईचा सिनेमा उरला होता. रविवारी मंजिरी स्वतः तिला न्यायला येणार होती.

"हा राहू दे," मी म्हणालो.

"का? आईने तर याला डबल स्टार केलंय लिस्टमध्ये."

शिवणवाली विधवा असते. मुलाला शिकवण्यासाठी रात्रंदिवस मशीन चालवते, खोकते. मुलगा शहरात. मग तिला दवाखान्यात नेतात, एक मोठी लांब खोली, ओळीने लोखंडी खाटा, कडेच्या खाटेवर ती. मुलगा दारात येऊन उभा राहतो. बरोबर तिथे पाच पंचवीस झाले होते.

जुईने चित्र थांबवलं. मुलगा दारात थांबला.

"आता तुमचा."

"ती बरी होते," मी म्हणालो. "मुलगा रात्रभर उशाशी बसतो. ती त्याचा हात धरते. सकाळी ताप उतरतो. मग दोघं गाडीने घरी येतात."

"एवढंच?"

"एवढंच."

"हा तुमचा सगळ्यात बोअर आहे, आजोबा. बाकीच्यात कशा ट्रिका होत्या."

"हो." मी उठलो. "थांब, गॅस—"

"गॅस बंद आहे."

"मग दार—"

"दार पण लागलंय." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर एखादं गणित सुटल्यासारखं काहीतरी आलं. "आजोबा. तुम्ही एक पण शेवट बघितलेला नाही."

"ऐकला की."

"बघितला नाही! नावाड्याच्या वेळी चहा. घोड्याच्या वेळी दूध. जीपच्या वेळी कुंड्या. रोज उठता तुम्ही. आता तर बस पण नाहीये!"

मी उभाच होतो. सत्तर वर्षांचा माणूस, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

"तेव्हा तरी का उठायचात?" तिने विचारलं.

"बस चुकली असती."

"मग चुकू द्यायची एकदा."

"मग घरी कसं जाणार?"

"नसतं गेलं. एक दिवस. गावात कोणाकडे झोपायचं नाहीतर स्टँडवर. कोणाला तरी कळलं तर असतं काय होतं ते." ती मला रागावत नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं. "तुम्हाला जाणून घ्यावंसं नाही वाटलं? इतक्या वर्षांत?"

मी दाराकडे पाहिलं. ती खुर्चीवरून उतरली, मला हाताला धरून बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर, माझ्या दोन्ही पावलांवर चक्क बसली.

"आता उठून दाखवा," ती म्हणाली आणि वर हात करून बोट दाबलं.

मुलगा दारातून आत आला. मी डोळे मिटले नाहीत एवढंच म्हणता येईल. तो खाटेपाशी गेला. बाई डोळे मिटून पडली होती. त्याने तिच्या कपाळाला हात लावला. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, 'आलास? जेवलास का?' तो रडू लागला. ती म्हणाली, 'रडतोस काय, उद्या घरी सोडणार आहेत मला. डॉक्टर म्हणाले नुसता थकवा आहे.' पुढे पंधरा मिनिटं ती दोघं घरी भांडतात. मशीन विकून तिने शहरात यावं असं त्याचं म्हणणं, ती नाही म्हणते. शेवटी तो एकटाच निघतो, आणि ती दारात उभं राहून त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावता लावता दोरा दाताने तोडते. संपलं.

जुई मागे वळली. "मरतच नाही ती!"

"नाही."

"आजारी पण नसते. तुम्ही तर रात्रभर ताप-बिप काढलात. उगाच घाबरलात, आजोबा." तिने बोटांवर हिशेब केला. "सिनेमाला नऊ. तुम्हाला चार. आता उठू का पायांवरून? मुंग्या आल्या असतील."

मुंग्या आल्या होत्या. पण मी बसूनच राहिलो. तिने पडद्यावरची नावं वाचायला सुरुवात केली आणि मी नाशिकच्या दवाखान्यात होतो.

कुमुद तिथे बावीस दिवस होती. मी रोज पहिल्या गाडीने जायचो आणि चारच्या गाडीने वर यायचो, कारण मंजू काशीबाईंकडे असायची. बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "आज थांबलात तर बरं." मी म्हणालो, "मुलगी एकटी आहे." ती एकटी नव्हती. काशीबाईंनी सकाळीच सांगितलं होतं, भाऊ, दोन दिवस लागले तरी राहा, पोर माझ्यापाशी हसून-खेळून आहे. पण मी डॉक्टरांना तसं म्हणालो आणि खाटेपाशी येऊन कुमुदलाही तसंच म्हणालो.

तिने माझा हात धरला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "निघा. बस चुकेल."

त्यात राग होता, की मला सोडवणं होतं, की नुसती सवय होती, मला कळलं नाही. मी निघालो. बस मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती. शेजारच्या खाटेवर एका मुलीचं ऑपरेशन झालेलं होतं आणि तिची आजी, दिंडोरीकडची म्हातारी, तिच्याजवळ असायची. मला पाहून ती उठली. "भाऊ," ती म्हणाली, "राती तुमच्या मालकिणीनं मला हाक मारली बघा. मी गेले जवळ. तर मला म्हनली—"

मी हात वर केला. "नको, आजी."

ती थांबली. तिने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मग जाऊन नातीशेजारी बसली. मी कागदांवर सह्या केल्या.

तीस-बत्तीस वर्षं मी असं धरून चाललो होतो की ती म्हातारी रडत होती आणि तिने जे ऐकलं ते मला पेलवलं नसतं. कुमुदने मला शिव्या दिल्या असतील, किंवा मंजूसाठी तळमळली असेल, किंवा वेदनेने नुसतं ओरडली असेल. म्हणून मी मंजूला वेण्यांचं सांगितलं. ते कुमुदचं नव्हतं, माझंच होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी मंजूची वेणी घातली, ती इतकी ओढून घातली की पोर कळवळली, आणि मला ते लक्षात ठेवण्यासाठी कोणाची तरी ताकीद हवी होती.

त्या सोमवारी, नातीला पायांवर बसवून घेतलेलं असताना, मला पहिल्यांदा वाटलं की म्हातारी काय सांगणार होती? पदराआड ती रडतच होती कशावरून? कदाचित कुमुदने तिला नुसतं पाणी मागितलं असेल. कदाचित काही विनोद केला असेल, ती करायची. मला ते आता इतकं जाणून घ्यावंसं वाटलं की मी पाय सोडवून घेऊन खुर्चीतून उठलो आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. ती म्हातारी तेव्हाच सत्तरीची होती. तिचं नावही मला माहीत नाही.

"काय शोधताय आजोबा?" जुईने विचारलं.

"कागद," मी म्हणालो.

त्या दिवशी आशीर्वादांच्या पुढची ओळ आली. मी लिहिलं की तू विचारलंस ते खरं नाही. तुझी आई शेवटी काय बोलली ते मला ठाऊक नाही, कारण मी तिथे नव्हतो. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं, थांबता येत होतं, तरी मी बस पकडली. मला ती शेवटचं म्हणाली ते 'निघा, बस चुकेल' एवढंच. त्यानंतर ती एका बाईशी काहीतरी बोलली. ती बाई मला सांगायला आली होती आणि मी तिला सांगू दिलं नाही. त्यामुळे तुझा वारसा होता तो मी एक हात वर करून घालवला आणि त्या जागी माझं रचलेलं वाक्य ठेवलं. वेण्यांचं मी रचलं. मला वेणी घालता येत नव्हती म्हणून. आता जुईच्या वेण्या कशा घालायच्या ते तू ठरव. रविवारी तू येणार आहेस. तुला त्याआधी हे मिळावं म्हणून आज लिहितो आहे. यावंसं वाटलं नाही तर जुईला मी स्वतः पोचवीन. आलीस तर जे विचारशील ते सांगेन, पण याहून जास्त मला माहीत नाही.

वाचून पाहिलं. भाषा फार बरी नव्हती. एका ठिकाणी 'वारसा' शब्द जड वाटला, पण दुसरा सुचेना, आणि पुन्हा फाडलं असतं तर पुन्हा लिहिलं नसतं.

मंगळवारी सकाळी जुई माझ्याबरोबर टपाल कचेरीत आली.

"आईला पत्र? आई तर रविवारी येतेय. तेव्हाच सांगा ना."

"तोंडाने मला जमत नाही."

"का?"

"मी मध्येच उठतो."

ती हसली आणि रांगेत माझ्यापुढे जाऊन उभी राहिली. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर टाकलं.

"स्पीड पोस्ट का साधं?"

"रविवारच्या आत जबलपूरला पोचायला हवं."

"स्पीडने शुक्रवारी मिळेल." त्यांनी पाकीट उलटं करून पाहिलं. "फोन नंबर नाही घातला. पाठवणाऱ्याचं नाव, पत्ता?"

तो मी घातला नव्हता. का, ते विचारू नये. जुईने खिडकीतून हात घालून पाकीट मागे घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. पाकीट माझ्या हातात होतं, दार मोकळं होतं, आणि मागे चार-पाच माणसं उभी होती. मी तिथेच लाकडी फळीवर पाकीट ठेवून माझं पूर्ण नाव लिहिलं, खाली घर नंबर, गल्ली, पिनकोड. बाईंनी शिक्का मारला आणि माझ्याशी बोलता बोलता, न बघताच, पाकीट मागच्या गोणीत भिरकावलं.

"पावती घ्या."

मी घेतली. गोणीकडे बघत उभा राहिलो.

"काका," मागच्या माणसाने विचारलं, "झालं ना तुमचं?"

"हो," मी म्हणालो, "झालं," आणि बाजूला झालो.